योव्नाच्या मुठीतले करडे शेवाळ

१

योव्ना मेला, पण मेल्यावरही त्याने मूठ सोडली नाही.

आमच्या उत्तर टोकाच्या राव्दुयावरी गावात माणसे बर्फात अडकून मरतात, नदीत बुडून मरतात, नाही तर म्हातारपणाने अंथरुणात मरतात. मारली जात नाहीत. त्यामुळे ‘वाऱ्याची पाठ’ म्हणतात त्या डोंगरधारेच्या पायथ्याशी योव्ना पडलाय असा निरोप आला, तेव्हा मी हातातली कॉफी संपवूनच निघालो. मी गावचा फौजदार खरा, पण हरवलेली कुत्री आणि दारूच्या नादात फुटलेल्या खिडक्या यांच्यापलीकडे माझी फौजदारी कधी गेली नव्हती.

म्हातारा उताणा पडला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम. कमरेला सुरी म्यानात जागच्या जागी. खिसे रिकामे. आणि उजव्या मुठीत करड्या शेवाळाचा गोळा, इतका घट्ट धरलेला की मला एकेक बोट सोडवावे लागले. मी मान वर करून पाहिले. डोक्यावरची सगळी धार तसल्याच करड्या शेवाळाने मढलेली होती. म्हणजे वरून ढकलला, पडता पडता हाताला आले ते धरले आणि संपला. जन्मात पहिल्यांदा मला एखादे कोडे उभ्या उभ्या सुटले.

ढकलणाराही शोधावा लागणार नव्हता. आदल्याच सकाळी त्याच धारेवर हेइका योव्नावर ओरडला होता, “माझ्या हद्दीत पाय टाकलास तर खाली लोटून देईन.” अर्धे गाव तेव्हा पिवळी रानफळे वेचायला वर गेले होते, त्यामुळे साक्षीदार हवे तेवढे होते. दोघांचे वैर जुने. कुणाच्या तरी लग्नात हेइका भर मांडवात म्हणाला होता की योव्नाचा रेनडिअरचा कळप त्याच्या माद्या वितात त्याहून भरभर वाढतो. आमच्यात माणसाला खुनी म्हटले तर तो एखादे वेळी हसून सोडून देईल. रेनडिअरचोर म्हटले तर नातवंडांपर्यंत बोलणे बंद होते.

मी योव्नाला शेवटचे पाहिले तेही आठवले. दुकानात तो माझ्या पुढे उभा होता. हेइकाची सून टोपलीत बाळ ठेवून पीठ घेत होती. बाळाने म्हाताऱ्याचे बोट धरून तोंडात घातले. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, बोटाकडे टक लावून पाहिले आणि तंबाखू न घेताच निघून गेला. वैर म्हणजे तरी किती, तान्ह्या पोरीचा स्पर्शही सोसवेना, असे मला वाटले होते.

हेइकाला मी कचेरीमागच्या कोठारात कोंडले. तो निमूटपणे आत गेला आणि उशी मागू लागला.

“मी नाही लोटलं त्याला,” तो म्हणाला.

“सगळे म्हणतात तूच.”

“मग सगळ्यांना कोंड. मी एकट्यानंच काय पाप केलंय?”

किनाऱ्यावरच्या मोठ्या गावाहून साहेब दोन-तीन दिवसांत येणार होते. ते हेइकाला घेऊन गेले की तो पहिल्या बर्फाआधी परतणे शक्य नव्हते. त्याचा एकुलता मुलगा गेल्या हिवाळ्यात आजारपणात गेला होता. मागे उरली होती विधवा सून, सहा-सात महिन्यांची नात मारेत आणि डोंगरावरचा कळप. राखणारा गेला तर कळप चहूकडे पांगणार, आणि कळप पांगला तर त्या घरात उरायचे काय? मला वाईट वाटले. पण कायदा तो कायदा, असे म्हणून मी शेवाळाचा गोळा खिशात टाकला आणि आत्याकडे गेलो.

२

एल्ले आत्या माझ्या बापाची धाकटी बहीण. उभा जन्म दक्षिणेतल्या विद्यापीठात दगडांवरच्या, चिखलातल्या, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या हिरवळीचा अभ्यास करत बसली आणि निवृत्त होऊन गावी परतली. गाव तिला तोंडावर बाईसाहेब आणि पाठीमागे शेवाळआत्या म्हणते. तिच्या स्वयंपाकघरात बसायला जागा नसते, खुर्च्यांवर पुड्या असतात. गळ्यात दोऱ्याला भिंग. ते ती आंघोळीलाही काढत नसावी.

“आत्या, तुझ्यासाठी खाऊ आणलाय,” मी म्हणालो.

तिने आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकून पेला माझ्यापुढे ढकलला आणि गोळा हातात घेतला. “हे कुठनं आणलंस?”

“योव्नाच्या मुठीतनं. धारेवरचं शेवाळ आहे.”

“कुठनं आणलंस एवढंच मी विचारलं. कुठलं आहे ते मी सांगेन.”

तिने भिंग डोळ्याला लावले. मी चीज चघळत बसलो. तिची कॉफी निवली. आत्या कॉफी निवू देते म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे आमच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक आहे.

“माह्ते,” शेवटी ती म्हणाली, “योव्ना त्या धारेवर गेलाच नव्हता. निदान मरायला तरी नाही.”

३

तिने खुर्चीवरची एक पुडी उघडली आणि तिच्यातले चिमूटभर शेवाळ माझ्या गोळ्याशेजारी बशीत ठेवले.

“बघ. डावीकडं धारेवरचं. उजवीकडं योव्नाच्या मुठीतलं.”

“दोन्ही करडंच आहे की.”

“तुझ्या आजोबांनाही दाढी होती आणि त्यांच्या बोकडालाही. भिंग घे.”

मी भिंग घेतले. आधी माझीच पापणी दिसली. मग हळूहळू डावीकडचे दिसू लागले. लोकरीसारखे लांब, मऊ धागे. प्रत्येक चिमुकल्या पानाच्या मधून एक शीर गेलेली आणि टोकाला पांढरा केस.

“हे मॉस,” आत्या म्हणाली. “ह्या केसांमुळं करडं दिसतं. वारा जिथला बर्फ झाडून नेतो त्या उघड्या दगडांवर राहतं. आता दुसरं बघ.”

दुसरे पाहिले. तिथे पाने दिसेनात. सुतळीचे बारीक तुकडे एकमेकांना चिकटून त्यांची खपली धरावी तसे काहीतरी होते आणि वर बुरशीसारखा पांढुरका पापुद्रा.

“शीर कुठंय? टोकाला केस कुठंय? नाही ना? नुसते दोन-दोन फाटे. हे मॉस नव्हेच, ही यकृतका. हिच्या काही बहिणी यकृताच्या आकाराच्या असतात, म्हणून सगळ्या घराण्याला ते नाव. ही वरच्या पापुद्र्यामुळं करडी दिसते.”

“म्हणजे ह्या दोघी कोण कुणाच्या?”

“लांबच्या चुलत. आणि योव्ना-हेइकासारख्या, एकीच्या अंगणात दुसरी पाय टाकत नाही. मॉसला उघडी धार हवी. हिला बर्फाची गोधडी हवी. वर्षभर बर्फाखाली झोपते, उन्हाळा सरताना बर्फ मागं हटला की चार दिवस उजेड बघते आणि पुन्हा गुडूप. धारेवर ही सापडायची नाही.”

ऑगस्टअखेर बर्फ नुकता मागे हटतोय अशी जागा आमच्या डोंगरात एकच होती. ओढ्यापलीकडच्या घळीत एक पट्टा कधीच पुरता वितळत नाही. त्याला आम्ही ‘म्हातारा बर्फ’ म्हणतो. गोमाश्यांनी हैराण झालेले रेनडिअर उन्हाच्या वेळी तिथे जाऊन उभे राहतात.

मी टुणकन उठलो. “अगं, म्हातारा बर्फ हेइकाच्या हद्दीत आहे! कळपही त्याचाच उभा असतो तिथं. म्हणजे हेइकावरचा संशय दुप्पट झाला.”

“बस खाली. समज, हेइकानं त्याला आपल्या हद्दीत मारलं. मग उचलून कुठं आणून टाकलं? आदल्या सकाळी अर्ध्या गावासमोर जिथं धमकी दिली, नेमका तिथंच?”

मी खाली बसलो. सकाळी सुटलेले कोडे दुपारी पुन्हा माझ्या मांडीवर येऊन बसले होते.

४

मग मी करतो तेच केले. दोन दिवस घरोघर जाऊन कॉफी प्यायलो.

सुरुवात कोठारापासून. हेइका उशीला टेकून सुके मांस चावत होता.

“भांडण कशावरून झालं?” मी विचारले.

“म्हणे माझी एक मादी तुझ्या कळपात मिसळलीय, ती आजच हवी. मी म्हटलं, शरदात कळपांच्या वाटणीच्या वेळी घे. वाटणीआधी दुसऱ्याच्या कळपात कुणी शिरतं का? का हवी विचारलं तर तोंड शिवल्यासारखा गप्प. चोराला कारण लागतं होय?”

“मेलाय तो, हेइका.”

“मेल्यावर माणूस चांगला होतो असं कुणी सांगितलं तुला?” आणि मग आवाज खाली आणून, “घरी जळण आहे का बघशील? मारेत किरकिर करतेय, दिसेल ते तोंडात घालते. सून एकटी आहे.”

तिथून योव्नाच्या पुतण्याकडे गेलो. आन्दे दारात बोटीचे इंजिन उघडून बसला होता. म्हाताऱ्याच्या मागे कळपाचा वाटा त्यालाच मिळणार, तेव्हा त्याला विचारणे भाग होते.

“कळपाचा वाटा?” तो हसला. “काकांनी मला जन्मात एकच पाडस दिलं, तेही माझा पहिला दात त्यांना दिसला म्हणून. दात बघेल त्यानं पाडस द्यायचं, रीतच आहे. ती चुकवता आली असती तर काकांनी चुकवली असती. त्या दिवशी मी किनाऱ्यावर मासे उतरवत होतो. विचार हवं तर.” मी विचारले. तो खरेच तिथे होता.

शेवटी योव्नाची मुलगी रिस्तिन. चाळिशीची, अंगाने दणकट. घर आणि कळप दोन्ही तीच सांभाळते. अंगणात तिचा ओझी ओढणारा रेनडिअर नर बांधलेला होता. आता असला माणसाळलेला नर गावात तिच्याकडेच उरला आहे. शेजारी बर्फावरून ओढायची, होडीच्या आकाराची घसरगाडी धुऊन पालथी घातली होती. हिवाळ्याला अजून अवकाश होता, पण रिस्तिन पहिल्यापासूनच कामसू. बाई असावी तर अशी, असे मनात म्हणून मी आत गेलो.

तिचे डोळे कोरडे होते. “बापू सकाळी धारेकडं गेले. परत आले नाहीत. कुत्र्याला घेऊन मी शोधायला निघाले, पण काही सापडलं नाही,” एवढे एका दमात बोलली. मग म्हणाली, “हेइकाला सोडलंस का?”

“सोडू कसा?”

“म्हातारा माणूस आहे. जमिनीवर झोपवलंयस का त्याला?” ती उठली आणि फडक्यात बांधलेली गरम भाकरी आणि मांस माझ्या हातात दिले. “हे दे त्याला. मी दिलं म्हणून सांगू नकोस.”

गाठोडे हातात घेऊन मी रस्त्यावर उभा राहिलो. डोके पार भंजाळून गेले होते. बापाच्या खुन्याला कुणी जेवण पाठवते का?

५

“सुरी आण,” आत्या म्हणाली.

मी योव्नाची सुरी आणली. तिने पाते उपसले. लख्ख होते. मग तिने म्यानात कोमट पाणी ओतले, हलवले आणि बशीत उलटे केले. पाणी तांबूस आले.

“पातं धुतलं, म्यान धुवायचं राहिलं. योव्नाच्या अंगावर सुरीची जखम होती?”

“नाही.”

“हेइकाच्या?”

“नाही.”

“मग आपला माणूस उन्हाळ्यात सुरीला कशाचं रक्त लावतो? तू कुणाचा मुलगा आहेस, माह्ते? विसरलास?”

विसरलो नव्हतो. नुसते तोंडाने म्हणायला धजत नव्हतो. पाडसाच्या कानावर मालकाची खूण कापतात, त्याचे रक्त. ज्या कळपात मी वाढलो तिथे कापलेले कानाचे तुकडे खिशात ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी किती पाडसे झाली ते कळते. योव्ना हेइकाच्या कळपात शिरून एकट्याने पाडसाचा कान कापत होता. ह्याचा अर्थ आमच्यात तान्ही पोरेसुद्धा सांगतील. हेइका इतकी वर्षे म्हणत होता ते खरे होते तर.

“पण खिसे रिकामे होते,” मी म्हणालो.

“म्हणूनच आपण म्हाताऱ्या बर्फाकडं जाऊ. बूट घाल.”

घळीत गार वाफ होती. बर्फाचा पट्टा खालून पोखरला गेला होता आणि त्याची कड एके जागी नुकतीच ढासळलेली दिसत होती. खालच्या एका दगडावर काळपट डाग होता. शेजारी जमिनीवरची करडी खपली मूठभर उपटलेली. आत्याने पुडीतला गोळा काढून त्या खळग्यात ठेवला. कडा कडेला बसल्या. दगडांच्या सांदीत योव्नाचा लाकडी पेला पडला होता, ज्यातून तो आयुष्यभर कॉफी प्यायला.

“कड ढासळली, पाय गेला,” ती हळूच म्हणाली. “कुणी ढकलला नाही, माह्ते. काम आटोपून कॉफी प्यायला बसला असेल बिचारा.”

“मग धारेखाली कसा पोचला?”

“त्याला इथून कुणी हलवलं, सुरी कुणी धुतली, तुकडे कुणी काढून घेतले? हेइकाला ते तुकडे सापडले असते तर त्यानं काय केलं असतं?”

“काठीला बांधून गावभर मिरवले असते.”

“मग ज्यानं लपवले तो वैरी नव्हे. मेलेल्याला चोर म्हणवून घेणं ज्याला सोसलं नसतं, असं माणूस शोध. आणि एकटं माणूस म्हाताऱ्याला इतक्या लांब खांद्यावर नेणार नाही. ओढून न्यावं लागेल.”

ऑगस्टमध्ये धुऊन पालथी घातलेली घसरगाडी माझ्या डोळ्यांपुढे आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असे.

६

आत्याने रिस्तिनला काही विचारले नाही. नुसती घसरगाडीपाशी गेली, दोन फळ्यांच्या फटीत केसातली पिन घातली आणि तळहातावर काहीतरी काढून भिंगाखाली धरले. रिस्तिन दारात उभी राहून पाहत होती.

“शीर नाही,” आत्या म्हणाली. “टोकाला केसही नाही.”

रिस्तिन उंबऱ्यावरच बसली.

“कुत्र्यानं नेलं मला,” तिने सांगायला सुरुवात केली. “बापू गेलेलेच होते. पहिल्यांदा मी ओरडले. मग कमरेची सुरी दिसली, तिच्या मुठीला रक्त. खिशात हात घातला तर...” तिने हात झग्याला पुसला, जणू अजून काही लागले होते. “सगळीकडं हेइकाचा कळप. मी काय समजायचं? हेइका म्हणत होता तेच ना? मग घरी येऊन घसरगाडी नेली. ओढ्याच्या कडेकडेनं, ओल्या गवतावरून आणलं त्यांना. धारेपाशी आमची हद्द लागते. आपल्या जमिनीवर पडून मेले, एवढंच लोकांनी म्हणावं. त्या सकाळचं भांडण मला ठाऊकच नव्हतं, माह्ते. मी त्या दिवशी मासळीच्या जाळ्यांवर होते. तू हेइकाला धरलंस तेव्हा कळलं.”

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलू? बाप चोर होता म्हणू?” ती आता रडत होती. “रोज सकाळी ठरवायचे आज सांगते. रोज भाकरीच भाजत बसायचे.”

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो, आणि इथे तर चोरही नव्हता, खूनही नव्हता. मला तिचा राग यायला हवा होता. मला तिची दया आली.

“तुकडे कुठं आहेत?” आत्याने विचारले.

पिठाच्या डब्यात तळाशी एक गाठ मारलेला रुमाल होता. “तिथंच न बघता बांधले, पुन्हा उघडून पाहिलेलं नाही,” रिस्तिन म्हणाली. “हिंमत झाली नाही.”

आत्याने गाठ सोडली. कानाचे दोन वाळके तुकडे निघाले, एक त्रिकोणी, एक चंद्रकोरीसारखा. मी वाकून पाहिले, उलटे करून पाहिले. योव्नाची खूण मी लहानपणापासून ओळखतो. तिच्यात चंद्रकोर नाही.

“रिस्तिन,” मी म्हणालो, “ही तुझ्या बापाची खूण नाही.”

हेइकाचीही नव्हती. गावातल्या ज्या ज्या खुणा मला ठाऊक होत्या त्यांतली एकही नव्हती. चोर दुसऱ्याच्या पाडसावर आपली खूण कापतो. कुणाचीच नसलेली खूण कोण कशाला कापील?

७

हेइकाला कोठारातून काढून आम्ही त्याच्या घरी नेले. रिस्तिन आमच्याबरोबर आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. त्या घरात तिने कधी पाय टाकला नव्हता.

हेइकाने तुकडे तळहातावर घेतले आणि उजेडात धरून पाहिले. “हे कुणी कापले?”

“योव्नानं. कुणाची खूण आहे ही?”

“मारेतची,” तो म्हणाला. “बारशाच्या वेळी हिच्यासाठी नवी खूण ठरवली, सगळ्या कळपवाल्यांना कळवली. बापाविना पोर, म्हटलं निदान खूण तरी हिची स्वतःची असू दे. अजून एकाही पाडसाच्या कानात नाही ती. हा म्हातारा माझ्या नातीची खूण कशाला कापत होता?”

मी आत्याकडे पाहिले. आत्या सुनेकडे वळली. “मारेतला पहिला दात कधी आला?”

“आम्हाला कालच दिसला,” सून गोंधळून म्हणाली. “खालचा. का?”

दुकानातले ते बोट मला आठवले. म्हाताऱ्याने हात मागे घेऊन बोटाकडे टक लावून पाहिले होते. वैर म्हणून नव्हे. बोटाला काहीतरी टोचले होते.

“त्याच्या आधी योव्नाला लागला होता,” मी म्हणालो. त्या अख्ख्या प्रकरणात मी आपल्या डोक्याने सांगितलेली ही एकच गोष्ट.

 आमच्यात वैऱ्याच्या पोराचा दात दिसला तरी पाडस द्यावेच लागते. पण तोंडावर नेऊन दिले असते तर हेइकाने ते तोंडावरच फेकले असते, हे योव्नाला ठाऊक होते. म्हणून त्याला आपली मादी हवी होती, आजच हवी होती, आणि का हवी ते सांगता येत नव्हते.

पण हेइका तो हेइकाच. “गोष्ट छान रचलीत,” तो म्हणाला. “पण पाडस कुणाचं कापलं? माझ्याच कळपातलं माझंच पाडस कापून माझ्याच नातीला दिलं, तर ते दान कसलं? खूण तर कुणीही कापतं. पाडसाची आई कोण ते दाखवा.”

रिस्तिनने बाहेरून हे ऐकले. तिचा उजळलेला चेहरा पुन्हा विझला. आई शोधायची तर शरदात कळप एकत्र येईपर्यंत थांबावे लागणार होते.

८

साहेब आले तेव्हा आत्याने मॉस आणि यकृतका बशीत ठेवून त्यांना असे काही व्याख्यान दिले की ते कॉफी न पिताच परत गेले. मृत्यू अपघाती ठरला. रिस्तिनला समज देण्याचे काम माझ्यावर आले. मी गेलो, घळीत सापडलेला योव्नाचा पेला तिच्या हातात दिला आणि भाकरी खाऊन आलो.

खरा निवाडा शरदातच व्हायचा होता. वाटणीच्या दिवशी सगळ्या घरांचे कळप एका गोल कुंपणात हाकतात आणि ज्याने त्याने आपापली जनावरे फास टाकून बाजूला काढायची. कोवळा बर्फ पडला होता. तुडवून त्याचा चिखल झाला होता. कळप आत गरगर फिरत होता आणि सगळे कानांकडे पाहत होते. पाडस आईमागे धावते. माणूस खूण खोटी कापू शकतो, पण पाडस दुसऱ्या आईमागे जात नाही.

सुनेनेच आधी पाहिले. “चंद्रकोर! त्या तिथं!”

एक फिकट रंगाचे पाडस होते. उजव्या कानात चंद्रकोर, डाव्यात त्रिकोण. आईच्या मागच्या पायांना चिकटून पळत होते. हेइकाने फास टाकला तो पाडसावर नव्हे, आईवर. तिला ओढत जवळ आणले आणि तिचा कान बोटांनी चाचपला. बराच वेळ चाचपत राहिला. 

“योव्नाची आहे,” तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणाला, “योव्नाचीच मादी आहे. पाडस त्याचं स्वतःचं होतं.” आणि थोडे थांबून, “चोर नव्हता तो. मी म्हटलं होतं, माझं चुकलं.”

रिस्तिन कुंपणाला धरून उभी होती. मला वाटले तिला आनंद होईल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हेइकाला काय, तो वैरी होता. पण मी मुलगी होते, माह्ते. मी रुमाल उघडूनसुद्धा पाहिला नाही.”  सकाळी शिव्या देऊन दुपारी पाडस देणारा तो म्हातारा मला अजून नीटसा कळलेला नाही. आत्या म्हणते, भिंग लावून बघ. माणसाला ते कुठे लावायचे?

हेइका मादीला सोडून चिखलातून आमच्याकडे आला. इतक्या वर्षांत रिस्तिनशी तो पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे कुठे पाहावे ते त्याला कळत नव्हते.

“दाताचं पाडस देणाऱ्याला बाळाच्या घरी कॉफी पाजतात,” तो तिच्या बुटांकडे पाहत म्हणाला. “त्याला पाजायची राहिली. तू चल.”

सगळ्या गावादेखत रिस्तिन त्याच्यामागून चालत त्यांच्या शेकोटीपाशी गेली. सुनेने किटली उचलली, मारेत तिच्या काखेत होती. पाहुणीसाठी पेला शोधायला हेइका वाकला तेव्हा रिस्तिनने त्याला थांबवले, झग्यातून बापाचा लाकडी पेला काढला आणि पुढे धरला.